दप्तराच्या बदल्यात शेळी
२०२२ च्या ऑक्टोबरात इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुले शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर धडकली. दप्तरे परत घ्या, शेळ्या द्या, ही त्यांची मागणी. कुणाला नौटंकी वाटली असेल. होता तो रोकडा हिशेब. शाळा तुटली की पोरांच्या वाट्याला शेळ्या राखणेच येते. भाम धरणाने आधीच विस्थापित केलेल्या या वस्तीची शाळा बंद करून मुलांना दुसऱ्या गावची वाट दाखवली गेली होती. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, हा राज्याचाच नियम. तरी २०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा घाट घातला गेलाच. कागदावर पट दिसतो, पावसाळ्यातला ओढा नाही. मुलांचे दुसऱ्या शाळेत समायोजन करण्याआधी ग्रामसभेला विचारा; त्यांना नेणारी गाडी वस्तीवर येईपर्यंत जुन्या शाळेला कुलूप लावू नका.