हिशेब मागा, सातबारा नको

निवडणूक जवळ आली की गोंदिया जिल्ह्यातल्या पानठेल्यांवर ‘बाहेरचे पार्सल’ ही शिवी फिरू लागते. शेजारच्या मतदारसंघातून उमेदवार आला की विरोधक ती त्याला चिकटवतात. त्यामागे तीन समजुती आहेत. मतदारसंघ बदलणारा जुन्या लोकांना टाकून पळतो. नव्या भागाचे दुःख त्याला कळत नाही. आणि स्थानिक माणूसच तेवढा विश्वासाचा. तिन्ही समजुती मनाला चटकन पटतात. सीमा नव्याने आखल्या गेल्यावर मात्र त्या टिकत नाहीत.

पहिली समजूत पाहू. न्या. कुलदीप सिंग यांच्या आयोगाने २००१ च्या जनगणनेवर आधारलेली मतदारसंघांची पुनर्रचना केली आणि ती २००८ मध्ये लागू झाली. राज्यातल्या विधानसभेच्या जागा २८८ च राहिल्या, पण विदर्भाच्या ६६ वरून ६२ झाल्या. भंडारा आणि गोंदिया या दोन जिल्ह्यांत मिळून नऊ मतदारसंघ होते, ते सात उरले. गोरेगाव, लाखांदूर, अड्याळ ही नावे यादीतून गेली. अर्जुनी-मोरगाव नवे आले. नाना पटोले १९९९ आणि २००४ मध्ये लाखांदूरचे आमदार होते. २००९ मध्ये ते साकोलीतून निवडून आले, कारण लाखांदूर मतदारसंघच उरला नव्हता आणि लाखांदूर तालुका साकोलीला जोडला गेला होता. याला पळणे कसे म्हणायचे?

आमगावचे तसेच. महादेवराव शिवणकर तिथून वर्षानुवर्षे निवडून आले, युती सरकारात मंत्री झाले, २००४ मध्ये चिमूरचे खासदार झाले. पुनर्रचनेत आमगाव अनुसूचित जमातींसाठी राखीव झाला आणि चिमूरच्या जागी आलेला गडचिरोली-चिमूरही. ज्या दोन जागांवर त्यांचे राजकारण उभे होते, त्या दोन्ही त्यांना बंद झाल्या. देवरी, सालेकशाच्या आदिवासींना आपला आमदार मिळाला हे न्याय्यच झाले. पण अशा वेळी कुणी शेजारच्या जागेकडे वळला, तर त्याला गद्दार म्हणणे अन्यायाचे आहे.

दुसरी समजूत अधिक घातक आहे, कारण तिचा सर्वांत मोठा घाव राखीव जागेवर लढणाऱ्या नेत्यांवर बसतो. तिरोडा अनुसूचित जातींसाठी राखीव होता, तो खुला झाला आणि आरक्षण अर्जुनी-मोरगावला गेले. खुल्या जागेवर दलित कार्यकर्त्याला तिकीट द्यायला पक्ष सहसा धजत नाहीत. मग त्याने आरक्षणामागे जायचे नाही, तर घरी बसायचे काय? बुलढाण्याची राखीव लोकसभा जागा खुली झाली, तेव्हा मुकुल वासनिक रामटेकला गेले आणि आनंदराव अडसूळ अमरावतीला. २००९ मध्ये दोघेही निवडून आले. पंढरपूरची जागा गेल्यावर रामदास आठवले शिर्डीला लढले आणि हरले. ही भटकंती त्यांच्यावर नकाशाने लादली होती. आपली जागा पिढ्यान्‌पिढ्या खुलीच राहणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याने यांना उपरे म्हणू नये.

आणि भंडाऱ्याच्या या पट्ट्याने तर हे म्हणूच नये. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत, गोंदिया भंडारा जिल्ह्यात असताना, डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथून उभे होते. त्यांना इथल्या भूमिहीनाचे दुःख कळत नव्हते, असे म्हणण्याची कुणाची छाती आहे? बाबासाहेब त्या निवडणुकीत हरले. त्याच वेळी दुसऱ्या जागेवर बाहेरूनच आलेले समाजवादी नेते अशोक मेहता यांना याच मतदारांनी लोकसभेत पाठवले.

तिसरी समजूत स्थानिकाच्या निष्ठेची. गोपालदास अग्रवाल गोंदियाचेच आणि लढलेही गोंदियातूनच. काँग्रेसचे आमदार असलेले अग्रवाल २०१९ मध्ये भाजपमध्ये गेले, २०२४ मध्ये पुन्हा काँग्रेसमध्ये आले. मतदारसंघ तोच, झेंडा दोनदा बदलला. पत्ता कायम राहिला म्हणून निष्ठा कायम राहते असे नाही.

तरीही ही मोकळीक सरसकट नाही. सीमा तशीच असताना केलेला बदल वेगळा तपासावा लागतो. पटोले २०१४ मध्ये भंडारा-गोंदियाचे खासदार झाले. डिसेंबर २०१७ मध्ये शेतकऱ्यांच्या प्रश्नावर सरकारवर टीका करत त्यांनी राजीनामा दिला. २०१८ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि २०१९ मध्ये ते नागपुरातून लोकसभा लढले. राजीनाम्याचे कारण प्रामाणिक मानले तरी, ज्यांनी खासदार केले त्यांच्यासमोर उभे राहून कौल मागणे हे त्यांचे कर्तव्य होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून उमेदवाराचा सातबारा तपासू नका, हिशेब मागा. ज्या गावांतून तो निघाला तिथली कोणती कामे मंजूर आहेत, कोणती अर्धवट, निधी किती उरला, हे त्याने ग्रामसभेपुढे लेखी ठेवावे आणि नव्या आमदाराच्या हाती सोपवावे. जिथे तो येतो तिथे तिकिटाच्या आधी कार्यालय उघडावे. पक्षांनी याविना उमेदवारी देऊ नये.

कारण तुटलेल्या सीमेची खरी किंमत मतदार मोजतो. गोरेगाव तालुका एक, तहसील एक, पण त्याची गावे तिरोडा आणि अर्जुनी-मोरगाव अशा दोन आमदारांत वाटली गेली. सालेकशाचा शेतकरी मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या वेशीवर राहतो. जिल्हा परिषदेच्या कामाला तो गोंदियाला जातो. खासदार मात्र गडचिरोली-चिमूरमध्ये, प्राणहिताकाठच्या सिरोंचाबरोबर निवडतो. आमच्या जिल्ह्याच्या प्रश्नाला नक्की कुणाला धरायचे, हे त्याला कुणी सांगत नाही.

२०२७ ची जनगणना येऊ घातली आहे आणि त्यानंतर सीमा पुन्हा हलणार आहेत. आयोग मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. अंतिम आदेश निघाल्यावर मात्र राज्यघटनेच्या कलम ३२९ मुळे न्यायालयाचे दार जवळपास बंदच असते. बोलायची वेळ मसुद्याची असते. आमचा तालुका तोडू नका, जिल्ह्याची गावे एका खासदाराखाली ठेवा, असा ठराव गोंदियातल्या प्रत्येक ग्रामसभेने आतापासून तयार ठेवावा. उमेदवार कुठून आला यावर निवडणुकीत जेवढा घसा कोरडा होतो, त्याच्या निम्मा जरी त्या सुनावणीत झाला, तर जिल्ह्याचे भले होईल.