विश्लेषण : कॅराव्हॅन मिळेल, पण रात्री ती थांबणार कुठे?

समाजमाध्यमांवर कॅराव्हॅनचे व्हिडीओ पाहून ‘या हिवाळ्यात आपणही जाऊ’ असे ठरवणारी कुटुंबे नाशिकमध्ये आता कमी नाहीत. गाडीतच पलंग, छोटे स्वयंपाकघर आणि शौचालय. घरात आजी-आजोबा असतील, लहान मुले असतील तर यातली शेवटची सोय सर्वांत मोलाची. महामार्गावरच्या ढाब्याचे स्वच्छतागृह पाहून माघारी फिरलेल्या कोणत्याही बाईला विचारा. पण सहल आखताना गाडी कोणती घ्यायची यावर जेवढी चर्चा होते, त्याच्या निम्मीही ती रात्री कुठे उभी राहणार यावर होत नाही. खरी अडचण तिथेच आहे.

धोरण काय सांगते?

महाराष्ट्राने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्यात दोन बाजू आहेत : एक गाडी, दुसरी कॅराव्हॅन पार्क. म्हणजे पाणी, वीज, रस्ता अशा सोयी असलेली मुक्कामाची जागा. ती सरकारी असू शकते किंवा खासगी. कल्पना उत्तम आहे. मात्र गाडीमागे थेट भाडे मिळते, तसा नुसत्या उभ्या राहण्याच्या जागेतून लगेच पैसा दिसत नाही. त्यामुळे गाड्यांच्या जाहिराती दिसतात, जागांच्या नाहीत.

मग जागा का हवी, ‘कुठेही थांबू’ का चालत नाही?

थोडे गणित करू. १२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-अवरची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-तास, अर्थात जेमतेम १.८ युनिट वीज. ती साध्या लेड-ॲसिड प्रकारची असेल तर निम्म्याहून जास्त वापरणे तिच्या तब्येतीला बरे नाही. दीड टनाचा एसी त्यावर तासभरही धड चालणार नाही. रात्रभर एसी हवा असेल तर बाहेरून वीजजोडणी लागेल, नाहीतर जनरेटरची घरघर सहन करावी लागेल. हीच बॅटरी दिवे, पंखा आणि मोबाइल चार्जिंग मात्र रात्रभर सांभाळते. म्हणून नाशिककरांसाठी कॅराव्हॅनचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. निफाडची थंडी एसीचा प्रश्नच उरू देत नाही आणि त्याच दिवसांत नांदूरमध्यमेश्वरला पक्षीही आलेले असतात.

पाण्याचे गणित अधिक अवघड आहे. चौघांनी प्रत्येकी २० लिटरमध्ये अंघोळ उरकली तरी ८० लिटर गेले. १०० लिटरची टाकी एका सकाळीत संपत येते. शिवाय ते १०० लिटर म्हणजे १०० किलो वजन, जे घाटात चढवायचे असते. आणि टाकीत जेवढे पाणी भरले, तेवढे सांडपाणी बाहेर पडणारच. अंघोळीचे आणि भांड्यांचे एका टाकीत, शौचालयाचे दुसऱ्या टाकीत. ही दुसरी टाकी रिकामी कुठे करायची, हा प्रश्न व्हिडीओत कुणी दाखवत नाही.

गंगापूर धरणाच्या काठावर सूर्यास्त पाहत मुक्काम करणे कुणाला आवडणार नाही? पण नाशिक शहर मुख्यतः याच धरणाचे पाणी पिते. अंधारात काठावरच्या चरात टाकी मोकळी करणारी एक गाडी आज किरकोळ वाटेल. सुटीच्या दिवशी अशा वीस आल्या तर तसे वाटणार नाही. भंडारदऱ्याला काजव्यांच्या दिवसांत मोटारींची गर्दी काय करते ते आपण पाहिले आहेच. तो परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे आणि तिथे रात्रीच्या प्रवेशावर वन विभागाची बंधने असतात. नांदूरमध्यमेश्वर तर राज्यातले पहिले रामसर स्थळ. या जागा कॅराव्हॅनसाठी बंद कराव्यात असे कुणी म्हणणार नाही. पण मुक्काम पाण्यापासून दूर, सोय असलेल्या जागीच हवा.

यावर उपाय फार खर्चिक नाही. तपोवन आणि आगरटाकळी येथे महापालिकेची मलजल शुद्धीकरण केंद्रे आहेत. तिथे शुल्क घेऊन कॅराव्हॅनची टाकी रिकामी करू देणारा एक नळजोड आणि एक रखवालदार पुरे. पर्यटन महामंडळाचे गंगापूर धरणाजवळ स्वतःचे रिसॉर्ट आहे, भंडारदऱ्यालाही आहे. तिथे चार-पाच गाड्यांपुरते वीज-पाण्याचे थांबे आणि सांडपाण्याची सोय झाली तर धोरणाला नाशिकमध्ये पत्ता मिळेल. २०२७च्या सिंहस्थासाठी शहराबाहेर वाहनतळ उभारायचेच आहेत. त्यातल्या एका-दोन ठिकाणी ही सोय आताच धरली तर मेळा संपल्यावरही ती कामाची राहील. द्राक्षबागांमधल्या कृषी पर्यटन केंद्रांनाही हा जोडधंदा जमण्यासारखा आहे.

तोवर आपण काय पाहायचे?

जागा ठरवताना फोनवर ‘पार्किंग आहे का’ असे विचारू नका; उत्तर नेहमी ‘आहे’ असेच येते. वीजजोडणी किती ॲम्पिअरची आहे, प्यायचे पाणी कुठून येते आणि शौचालयाची टाकी कुठे रिकामी करायची, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याला समोरचा अडखळला तर दुसरी जागा शोधा. प्रवेशाच्या कमानीची उंचीही विचारा, कारण छतावर एसी बसवलेली गाडी साध्या मोटारीच्या हिशेबाने केलेल्या फाटकात अडकते.

गाडी भाड्याने घेताना आधी नंबरप्लेट पाहा. पांढऱ्या पाटीची खासगी कॅराव्हॅन भाड्याने देणे नियमाबाहेर आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. चालकासह मिळणाऱ्या गाडीला पिवळी पाटी हवी. स्वतः चालवण्यासाठी मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी, अक्षरे पिवळी. जुनी व्हॅन गॅरेजमध्ये नेऊन तिची कॅराव्हॅन करण्याचा विचार असेल तर आधी आरटीओ गाठा. नोंदणीतल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल परस्पर करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये स्पष्ट केले आहे.

मुलांच्या बाबतीत एक नियम कुटुंबाने स्वतःच घालून घ्यावा. पलंग म्हणजे आसन नव्हे. नांदुरीहून सप्तशृंगगडाचा घाट चढताना किंवा सापुताऱ्याची वळणे घेताना मागच्या पलंगावर झोपलेले मूल एका ब्रेकमध्ये खाली येईल. गाडीत किती जण झोपतात यापेक्षा सीटबेल्ट असलेली आसने किती, त्यावर माणसे मोजा. गाडी चालू असताना गॅसची शेगडी आणि सिलिंडरचा कॉक दोन्ही बंद. झोपताना खिडकीची फट उघडी, थंडी कितीही असो, आणि शेगडी पेटवून गाडी गरम करण्याचा प्रयोग तर मुळीच नको.

आणि सोबत चालक असेल तर तो कुठे झोपणार, तेही निघण्यापूर्वी ठरवा. सगळे पलंग घरच्यांचे आणि तो बिचारा स्टिअरिंगवर डोके टेकून, असे बरेचदा होते. सकाळी कसारा घाट उतरवणार तोच आहे.