आधी अर्धा तास वाचन



“मोर्चे, केसेस, शिबिरं यातून वाचायला वेळ कुठे मिळतो?” हा प्रश्न बैठकीत हमखास येतो. संघटनेच्या कपाटात कायद्याच्या पुस्तिका आणि अहवाल असतात. जुनी कादंबरी, आत्मचरित्र मात्र चैनीत जमा. आम्हांला हे पटत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला. वडिलांचं सोवळ्याचं वेड, कवी नवऱ्याचं धर्मांतर, त्यातून झालेली ताटातूट, सगळं सांगायला जडच. पण बाई सांगतात घरगुती बोलीत, हसत हसत, स्वतःलाही न सोडता. वस्तीतल्या गटात मोठ्याने वाचून पाहा. बायका आधी खळखळून हसतात, मग कुणीतरी स्वतःच्या सासरचं सांगू लागते. आमच्या प्रश्नावल्यांना (तीन-तीन पानी!) हे क्वचितच साधतं.

आणि न वाचलेलं पुस्तक हरवतं. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ची. ती विस्मरणात गेली, स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणली. मधल्या नव्वद-एक वर्षांत कितीजणींना वाटलं असेल, असा संताप आपल्या एकटीलाच येतो!

पुढच्या बैठकीत अर्धा तास वाचनाला ठेवा. अहवालाच्या आधी, नंतर ठेवलात तर तो उरत नाही.