गुपित कोणापासून?

ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी चालविलेल्या ‘आयसिस’ या नियतकालिकाचा इतिहास सांगताना ते १८९२ साली निघाले आणि पुढे नामवंत झालेल्या अनेकांनी त्यात उमेदवारी केली, एवढे हटकून सांगितले जाते. हा इतिहास खोटा नाही, सोयीचा आहे. ज्या अंकापायी दोन विद्यार्थी तुरुंगात गेले, त्याची बोळवण त्यात एका ओळीत होते.

तो अंक फेब्रुवारी १९५८ चा. त्याच महिन्यात ब्रिटनमध्ये अण्वस्त्रविरोधी मोहीम उभी राहिली होती आणि ‘आयसिस’ने आपला अंक हायड्रोजन बॉम्बच्या प्रश्नाला वाहिला होता. नौदलात सक्तीची लष्करी सेवा करून आलेल्या पॉल थॉम्पसन व विल्यम मिलर यांनी त्यात उघड केले, की सोव्हिएत सरहद्दीलगत रशियन संदेश चोरून ऐकणारी ब्रिटिश केंद्रे आहेत, आणि कानी काही पडावे म्हणून एखादे विमान मुद्दाम ‘वाट चुकते’. जुलैमध्ये सरन्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांच्यापुढे शासकीय गुपितांच्या कायद्याखाली खटला चालला. दोघांना तीन-तीन महिन्यांची कैद झाली.

प्रश्न असा, की हे गुपित होते कोणापासून? ज्यांच्या डोक्यावरून विमाने जात होती, त्या रशियनांपासून खचितच नव्हे! अंधारात ठेवला होता तो ब्रिटिश नागरिक. ज्याच्या करावर ही केंद्रे चालत होती आणि ज्याच्या मुलांना त्यांत राबविले जात होते तो. गुप्ततेच्या बंधनाचा त्यांनी भंग केला, असे कायदेपंडित म्हणतील. केला खरा. परंतु अणुयुद्धाची ठिणगी पाडू शकणारा खेळ जनतेच्या नकळत खेळणाऱ्यांनी जनतेशी असलेल्या कोणत्या बंधनाचे पालन केले होते? मॉस्कोत असा अंक निघूच शकला नसता, हे आम्हांस ठाऊक आहे. पण म्हणून लंडनची कैद न्याय्य ठरत नाही. १ मे १९६० रोजी सोव्हिएत भूमीवर अमेरिकेचे यू-टू विमान पाडले गेले आणि त्यापायी पॅरिसची शिखर परिषद कोसळली. या उद्योगातला धोका जगाला तेव्हा दिसला. विद्यार्थ्यांच्या पत्राने तो दोन वर्षे आधी छापला होता. संदेश ऐकणाऱ्या त्या खात्याचे खरे काम काय, याची कबुली ब्रिटिश सरकारने दिली ती १९८३ साली.

ज्या कायद्याने त्यांना शिक्षा झाली, तो १९११ साली कॉमन्स सभेने एका दुपारी संमत करून टाकला होता. त्याच साच्यातला कायदा साम्राज्याने १९२३ साली हिंदुस्थानावर लादला. साम्राज्य गेले, कायदा मात्र राहिला. २००५ साली माहितीचा अधिकार आला, तरी तो रद्द झालेला नाही. ‘विद्यार्थ्यांनी कविता छापाव्यात, राज्यकारभारात नाक खुपसू नये’ असा उपदेश करणाऱ्या आपल्याकडील वडीलधाऱ्यांनी त्याचे पाचवे कलम एकदा वाचावे. गुपित देणाऱ्याबरोबर, जाणूनबुजून घेणाऱ्यालाही ते गुन्हेगार ठरविते.