थेंबाची कारागिरी

गुहा म्हटलं की आपल्याला वेरूळ-अजिंठा आठवतं. ती लेणी माणसांनी छिन्नी-हातोड्यानं कोरलेली. पण पाण्याच्या थेंबांनी घडवलेलं शिल्प आपल्याच जिल्ह्यात आहे, ठाऊक आहे का? पारनेर तालुक्यात कान्हूर पठाराजवळ वडगाव दर्या नावाचं गाव आहे. तिथल्या दरीत दर्याबाईचं देऊळ आहे आणि तिथंच दगडी छतातून झुंबरासारखे लोंबणारे लवणस्तंभ आहेत. नावात ‘लवण’ असलं तरी हे मीठ नव्हे बरं का, ही चुनखडी!

तुम्ही म्हणाल, “बाई, आपल्याकडं तर सगळा काळा दगड. मग चुना आला कुठून?” छान प्रश्न! काळ्या दगडातही चुन्याचा अंश असतो. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं. खडकाच्या भेगांतून झिरपताना ते हा अंश विरघळवून घेतं. छताला थेंब लोंबतो, वायू उडून जातो आणि चुनखडीचा अगदी पातळ थर मागं उरतो. असे थर साचून छतापासून खाली वाढतो तो अधोमुखी लवणस्तंभ. जमिनीपासून वर वाढतो तो ऊर्ध्वमुखी. आंध्र प्रदेशातल्या बेलम इथं तर खडकच चुनखडीचा. तिथं पाण्यानं तीन किलोमीटरांहून लांब गुहा पोखरली आहे.

हे काम किती सावकाश चालतं? अनेक गुहांत लवणस्तंभ वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाच वाढतो. आपल्या नेवाशात 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्या वर्षी एखादा लवणस्तंभ वाढू लागला असता, तर आज तो जेमतेम सात सेंटिमीटर झाला असता. म्हणजे तुमच्या बोटाएवढा! आणि तो मोडायला एक क्षण पुरे. नुसता हात लावला तरी हाताचा तेलकटपणा त्याला चिकटतो, मग तिथं नवा थर नीट बसत नाही. म्हणून सहलीला गेलात तर डोळे भरून बघा, पण हात मागं ठेवा. ‘आठवण’ म्हणून तुकडा तर मुळीच आणू नका.

हात लावायचाच असेल, तर आपल्या सोनईच्या काळ्या रानातला चुनखडीचा पांढरा खडा उचला. त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येतील. थेंबातून उडून जातो ना, तोच हा वायू! बघाल ना करून?