मामांचा लव्हाळा

ओकखाली मी पेनसिल्व्हेनिया सेज लावलंय, गवतासारखं दिसणारं. शनिवारी उठून बघतो तर त्यातले तीन ठोंब उपटून पायरीवर वाळत घातलेले, आणि सोलापूरकडून आलेले मामा भाजीची सुरी घेऊन चौथ्याच्या मुळाशी. "पैसं देऊन लव्हाळा लावलास व्हय रं?"

राग आला. पण मामांनी दांडी दोन बोटांत फिरवून दाखवली. तिधारी! कूळ त्यांनी बरोबर ओळखलं होतं. आपला लव्हाळा, म्हणजे नागरमोथा, आणि हे सेज एकाच घराण्यातले. दोघांची धाव जमिनीखालून. मात्र लव्हाळा मुळाला गाठी धरतो. कुळव फिरला की ती माळ तुटते आणि सुटी झालेली गाठ नव्यानं फुटते. मामांची उमर त्यात गेली. सेजला गाठी नाहीत. बारीक आडव्या खोडांनी ते सावकाश सरकतं. बीही सहजी रुजत नाही, म्हणून तर वीत-सव्वा वीत अंतरावर विकतची रोपं लावायची. शिवाय लव्हाळा उन्हाचा भुकेला. ओकच्या कोरड्या सावलीत तो खंगेल. सेज तिथंच खुशाल पसरतं. पाती वीतभर वाढून आपसूक लवतात, वर्षाकाठी एक कापणी पुरते, तीही हौस असेल तर. पहिली दोनेक वर्षं तण हातानं काढावं लागतं, एवढं मात्र रोपं विकणारे हळू आवाजात सांगतात.

डेलावेअरच्या माउंट क्युबा सेंटरनं ७० प्रकारची सेज लावून पाहिली. २०२२च्या अहवालात पहिलं आलं वूड्स सेज, माझं नव्हे. असो.

उपटायचाच तर खरा परका निराळाच आहे. लॉनचं केंटकी ब्लूग्रास! नाव केंटकीचं, मूळ युरोप-आशियाचं. ऊन हवं, पाणी हवं, आठवड्याला हजामत हवी. त्याला कुणी उपटत नाही. इथं मेरीलँडमध्ये तर २०२१ साली कायदा करावा लागला, की वसाहतीच्या समित्यांनी लॉनचाच हट्ट धरू नये.

मामांनी संध्याकाळी ते तीन ठोंब फोडून सात केले आणि स्वतः लावले. आता ते खुरपं मागतायत. शेजाऱ्याच्या लॉनकडे बघत.