विहीर नको, तळे हवे

वसई-उत्तनच्या विहिरी खारट झाल्या तर दोष कुणाचा हे सांगता येते. समुद्र शेजारी आहे, पंप अहोरात्र चालतात आणि गोड्या पाण्याचा दाब ओसरला की दर्या जमिनीखालून आत शिरतो. मूर्तिजापूरला असा शेजारी नाही. मुंबईहून रेल्वेने सहाशे किलोमीटर आत आलेल्या या तालुक्यात विहिरीचे पाणी तोंडात घेववत नाही. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजत नाही. चहाच्या पातेल्याच्या बुडाशी बसलेला पांढरा थर बायका विळ्याच्या टोकाने खरवडून काढतात.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या काठाने पसरलेला हा खारपाणपट्टा. क्षेत्र पावणेपाच लाख हेक्टरच्या घरात. सातपुड्याच्या पायथ्याशी अकोट-अंजनगावकडे गोड पाणी आणि संत्र्याच्या बागा. तिथून दक्षिणेला नदीकडे उतरत यावे तसतशी चव पालटते. पूर्णेने शेकडो मीटर जाडीचा गाळ आणून टाकला आहे. त्यातल्या चिकणमातीतून पाण्याचा निचरा होत नाही. कोरड्या काळात पाणी उडून गेले, मीठ मागे राहिले, असे अभ्यासक मानतात. म्हणजे हे खारेपण कालपरवाच्या उपशाचे नव्हे, जन्माचेच आहे. म्हणूनच कोकणातला उपाय इथे चालत नाही. पंप थांबवले म्हणून मागे हटायला इथे समुद्रच नाही.

पिण्याच्या पाण्याची सोय उशिरा का होईना, झाली. वान धरणावरची 84 खेडी योजना, काटेपूर्णेवरची 64 खेडी योजना, शहानूरचे पाणी दर्यापूर-अंजनगावला. पाइप फुटला की गावात पुन्हा कॅन आणि आरओ. या आरओ यंत्रातून निघालेले जास्तच खारट पाणी बहुधा गावातल्याच नालीत सोडले जाते. त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

शेतीचे मात्र कुणी बोलत नाही. हे पाणी पिकाला दिले तर त्यातल्या सोडियमने काळी माती दगडासारखी आवळते, पाऊस आत जिरत नाही. म्हणून इथला शेतकरी विहिरीकडे पाठ करून पिढ्यान् पिढ्या कोरडवाहू करत आला. कपाशी, तूर, मूग, आणि ओल टिकली तर हरभरा. तो आळशी नाही की मागासलेलाही नाही. आपली जमीन त्याला कृषी खात्यापेक्षा चांगली ठाऊक आहे.

आता सरकारचा हिशेब पाहा. रोजगार हमीतून सिंचन विहिरीला 2022 मध्ये 4 लाख रुपयांपर्यंत अनुदान ठरले. ‘मागेल त्याला शेततळे’ 2016 मध्ये आले तेव्हा शेततळ्याला कमाल 50 हजार. पुढे ते 75 हजारांवर गेले. विहीर झाली की तिच्या मागोमाग पंप आणि वीजजोडणी. ज्याच्या विहिरीतून मीठच निघणार, तो या सगळ्या रांगेतून पहिल्याच पायरीवर बाहेर पडतो. योजनेत त्याला कुणी नाही म्हटलेले नाही, फक्त त्याच्या उपयोगाचे काही ठेवलेले नाही.

वास्तविक निसर्गाने इथे एक सोय करून ठेवली आहे. जी चिकणमाती पाणी मुरू देत नाही, तीच तळ्यातले पाणी धरूनही ठेवते. प्लास्टिकचा कागद अंथरायची गरज पडत नाही. वर्षाला साडेसातशे मिलिमीटर पाऊस धरला तर एका हेक्टरवर 75 लाख लिटर पाणी पडते. त्यातला एक हिस्सा अडवला तरी कपाशीला बोंडे धरताना आणि हरभऱ्याला फुलोऱ्यात एकेक ओलित मिळते. तळ्यासाठी दोन एकरवाल्याची जमीन अडते हे खरे. त्याला गावतळ्यात वाटा द्यावा लागेल. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने पूर्णा खोऱ्यातली 932 खारपाण गावे वेगळी मोजली, ही योग्य सुरुवात होती. पण वेगळे मोजून वेगळे नियम झाले नाहीत तर ती नुसती शिरगणती ठरते.

पट्ट्यातल्या घुंगशी, नेर-धामणा, उमा या बॅरेजेसकडे लोक आशेने पाहतात. पाहावे. मात्र भिंत उभी राहणे म्हणजे सिंचन नव्हे. पाणी बंद नळातून आणि तुषार संचानेच शेतापर्यंत जायला हवे, सोबत निचऱ्याचे चर हवेत. या जमिनीत मोकाट पाटपाणी सोडले तर खालचे मीठ वर येईल आणि कोरडवाहू पीकही हातचे जाईल. पाटपाणी सोडण्याची घाई करू नये.

आमची मागणी साधी आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या जिल्हा आराखड्यांत खारपाण गावांसाठी विहिरीच्या रकान्यात शेततळे लिहा, आणि विहिरीला देता तेवढेच अनुदान त्याला द्या.